जास्वंदीची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या

निपाणीकडची काळी माती, बोअरचं जड पाणी आणि कुंडीत जास्वंद. जुनी पानं हिरवीगार, शेंड्याची पिवळीधमक. युरिया घातला, फरक शून्य. अंड्याची टरफलं घातली, तर उलट वाढलं. चुन्याच्या मातीत आणखी चुनाच तो! पार वैताग आला.

मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही, म्हणून कोवळी पानं पिवळी पडतात. उपाय: एक लिटर पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यात आधी १ ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड), मग ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार). क्रम उलटा झाला किंवा बोअरचं पाणी घेतलं, तर द्रावण तांबूस होतं. ते ओतून द्यावं. ऊन उतरल्यावर पानांच्या खालूनही फवारायचं, दर दहा दिवसांनी, तीनदा. फरशीवर पडू देऊ नका, डाग जात नाही. तिसऱ्या फवारणीनंतरचे फुटवे हिरवे आले. नंतर कुंडीत खानापूरकडची, कमी चुन्याची तांबडी माती भरली.