खान्देशातल्या घरासाठी सूर्यमार्गाची आकृती

खिडक्या, छज्जे आणि सोलर पॅनल यांच्या जागा ठरवण्याआधी सूर्यमार्गाची आकृती, म्हणजे वर्षभर सूर्य आकाशातून कुठून जातो याचा नकाशा, काढाच. कंपासपेटी आणि कागद पुरतो. मे महिन्यातल्या दुपारी खोली किती तापणार, हे बांधकामाआधीच कळतं.

पहिल्यांदा खरी उत्तर शोधा. स्लॅबवर होकायंत्र वापरू नका, आतल्या सळयांमुळे सुई भरकटते. सपाट जागी हातभर काठी ओळंब्याने उभी करा. सकाळी दहाला सावलीच्या टोकावर खूण करून काठीभोवती तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ आखा. दुपारी तीनच्या सुमारास टोक पुन्हा वर्तुळाला टेकेल, तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. काठी जराशी कलली तरी रेघ चुकते.

आता कागदावर ९ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. कड म्हणजे क्षितिज, मध्य म्हणजे थेट डोक्यावरचा बिंदू, १ सेंमी म्हणजे १० अंश. वर उत्तर, उजवीकडे पूर्व. जळगाव-धुळे साधारण २१ अंश अक्षांशावर आहेत, म्हणून:

२१ मार्च, २३ सप्टेंबर: उगवती नेमकी पूर्वेला, मध्यान्हीचा बिंदू मध्याखाली २.१ सेंमी.
२२ डिसेंबर: उगवती पूर्वेपासून २५ अंश दक्षिणेला, मध्यान्ह मध्याखाली ४.४५ सेंमी.
२१ जून: उगवती २५ अंश उत्तरेला, मध्यान्ह मध्याच्या वर पाव सेंमी.

मावळती तितकीच पश्चिमेकडे घ्या आणि प्रत्येक तारखेच्या उगवती, मध्यान्ह, मावळती या तिन्ही बिंदूंतून वक्र काढा. दोन-चार अंशांचा फरक राहील, घरासाठी तो चालतो. जूनचा वक्र मध्याच्या उत्तरेला गेलाय, हे नीट पाहा. २६ मेच्या सुमारापासून १७ जुलैपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो.

छापील आकृतीवरचे तास बहुधा सूर्याचे असतात, घड्याळाचे नसतात. जळगावात मध्यान्ह, म्हणजे सूर्याचे बारा, घड्याळात सरासरी १२:२८ला, नंदुरबारात १२:३३ला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १६ मिनिटं आधी होते, फेब्रुवारीच्या मध्याला १४ मिनिटं उशिरा.

आता छज्जा. दक्षिणेच्या १२० सेंमी उंच खिडकीच्या माथ्यालगत ४५ सेंमीचा छज्जा असेल, तर २१ मार्चच्या मध्यान्ही सावली ११७ सेंमी उतरते, खिडकी जवळजवळ झाकली जाते. डिसेंबरात सावली फक्त ४६ सेंमी, म्हणजे थंडीत हवं ते ऊन आत येतं. पश्चिमेला मात्र हाच छज्जा कुचकामी. मेच्या मध्याला दुपारी चारला सूर्य ४० अंशांवर, जवळपास थेट पश्चिमेला असतो. सावली ३८ सेंमी पडते आणि बाकीच्या काचेवर ऊन. तिकडे खिडकी लहान ठेवा, बाहेरून बांबूचा पडदा लावा किंवा कडुनिंब लावा. आतला पडदा उशिराचा उपाय, उष्णता तोवर काचेतून आत आलेली असते.

पॅनलसाठी जागेवर उभं राहून पाण्याची टाकी, झाडं, शेजारची भिंत यांची दिशा आणि उंचीचा कोन कोनमापक, दोरा नि वजन वापरून मोजा आणि आकृतीवर उतरवा. सूर्याकडे थेट पाहू नका. डिसेंबरच्या वक्रावर सकाळी नऊ ते दुपारी तीनमध्ये अडथळा येत असेल, तर जागा बदला. पॅनल दक्षिणेला तोंड करून, साधारण २१ अंशांच्या उतारावर बसवा.