नवं चामडी होल्स्टर घट्ट बसतंय? तेलाची बाटली आधी लांब ठेवा

सोलापुरात नवी कोल्हापुरी घेतली की पहिल्या रात्री तिला तेल पाजायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात आपला जिल्हाही आहे, म्हणजे या तेलपाण्यावर आपला सरकारी हक्कच म्हणायचा. अंगठ्याला चावणारी चप्पल चार दिवसांत मऊ पडते. त्याच हिशोबानं मी माझ्या पहिल्या होल्स्टरला, म्हणजे रिव्हॉल्वर ठेवायच्या कमरेच्या म्यानाला, एरंडेल पाजलं आणि ते कायमचं वाया घालवलं.

फौजेतून आल्यावर मी एका सराफी पेढीवर राखणीला होतो. रिव्हॉल्वर स्वतःचं, परवान्याचं, कानपूरचं ०.३२ बोअरचं. नवं होल्स्टर इतकं घट्ट की रिव्हॉल्वर अर्ध्यावर अडकायचं, आणि आत गेलंच तर काढताना पट्ट्यासकट पँट वर यायची. मे महिना होता. एरंडेलाचे दोन हात दिले आणि दिवसभर गच्चीवरच्या पत्र्यावर ठेवून दिलं. दोन दिवसांत लोण्यासारखं झालं. मी खूष. महिनाभरानं त्याचं तोंड रिकाम्या पिशवीसारखं मिटायला लागलं. एका रात्री घरी रिकामं रिव्हॉल्वर आत सारताना त्या मिटलेल्या तोंडाची कड दुमडून चापाभोवतीच्या कडीत शिरली आणि चापाला टेकली. हाताला अडल्यासारखं वाटलं म्हणून थांबलो. आत गोळ्या असत्या आणि मी घाईत असतो, तर पुढचं माझ्या मांडीनं भोगलं असतं.

ते घेऊन गल्लीतल्या पट्टे-चपला शिवणाऱ्या मामांकडे गेलो. त्यांनी अंगठ्यानं एकदा दाबलं आणि माझ्याकडे परत टाकलं. "मेजर, चप्पल चावती म्हणून मऊ करायची. हे कुणाला चावतंय?"

यापुढं जे लिहितोय त्यातलं निम्मं मामांनी शिकवलेलं आहे, निम्मं दुसऱ्या होल्स्टरवर स्वतः केलेलं. आणि सगळं फक्त परवानाधारकांसाठी. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर न्यायचं तर ते अंगावर लावलेल्या होल्स्टरात किंवा तशाच कव्हरात हवं, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात. कमरेला मागं खोचून फिरणं कितीही रुबाबदार वाटलं तरी ते या नियमात बसत नाही.

घट्ट का असतं

चांगलं होल्स्टर झाडपाल्यात कमावलेल्या जाड कातड्याचं असतं. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. असं कातडं ओलं केलं की मातीसारखं वळतं आणि वाळलं की वळलेलं तसंच राहतं. कारागीर शिवून झालेलं होल्स्टर भिजवतो, आत हत्याराच्या मापाचा फर्मा घालतो, चापाची कडी आणि गोळ्यांच्या गोल चक्रीच्या भोवती अंगठ्यानं दाबून दाबून खोलगट रेघ पाडतो आणि सावलीत वाळवतो. हत्यार धरून ठेवते ती ही रेघ. वरचा बटणाचा पट्टा नंतरचा.

म्हणून नवं होल्स्टर घट्टच हवं. दिवाळीत नवी पेठेच्या गर्दीत खांद्याला खांदा घासत जाताना सातशे ग्रॅमचा ऐवज कमरेला टिकून राहायला हवा. आपल्याला फक्त केसभर जागा करायची आहे, आणि ती कातडं न भिजवता, न तापवता आणि तेल न पाजता.

आधी माप बघा

दुकानदार "सगळ्याला बसतंय" म्हणाला असेल तर सावध व्हा. माझ्या रिव्हॉल्वरची नळी ७६ मिलिमीटरची, म्हणजे तीन इंची आहे. चार इंची नळीसाठी शिवलेल्या होल्स्टरात ते खाली हिंदकळतं आणि वर अडकतं. दोन-तीन गोष्टी बघायच्या: जोर लावल्यावर का होईना हत्यार तळापर्यंत जातं का, चापाची कडी पूर्ण झाकली जाते का, आणि वरचा पट्टा बटणापासून फार तर बोटाच्या पेरापेक्षा कमी अंतरावर पोचतो का. यातलं एखादं नसेल तर ते होल्स्टर तुमच्या हत्याराचं नाही. परत करा. बळजबरीनं बसवलेलं जावयाच्या मापाचं धोतर ठरतं, कुठंतरी उघडं पडतंच.

हत्यार रिकामं करा

ही पायरी एका ओळीची वाटते म्हणून तिथंच घात होतो. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बाहेर, मगच स्लाइड (वरचा सरकता भाग) मागं ओढायची. उलट केलंत तर चेंबरमधली (नळीमागच्या घरातली) गोळी निघते आणि स्लाइड पुढं जाताना मॅगझिनमधली दुसरी आत बसते. मग चेंबरमध्ये उजेडात बघायचं आणि करंगळीनं चाचपायचं. रिव्हॉल्वरची चक्री उघडून सगळी घरं मोजायची, माझ्यात सहा आहेत.

मी सौ.ला बोलावतो. ती एकेक घर बघून "सहा रिकामी" म्हणाल्याशिवाय पुढं जात नाही. तिला याचा कंटाळा येतो. येऊ दे. गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात. चहाला उठलात, फोनवर बोललात, तर परत आल्यावर हीच तपासणी पहिल्यापासून. आणि हे सगळं पोरंबाळं घरात नसताना.

टॉवेलची पिशवी

आता खरं काम. पातळ, स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी लागते. सोलापुरात ती शोधायला नको, नवा टॉवेल येतो तीच. चादरीची पिशवी जाड असते, ती नको. छपाई असेल तर छापलेली बाजू हत्याराकडे येऊ देऊ नका. ब्रेडची पिशवी चालते, पण तिच्यातले कण झाडून घ्या.

हत्यार कोरड्या फडक्यानं पुसा. तेलाचा अंश राहिला तर तो पिशवीच्या कडेनं कातड्यात उतरतो. पिशवीचा एकच पदर हत्याराभोवती गुंडाळा, सुरकुत्या हातानं सपाट करा. होल्स्टर पट्ट्यावर न लावता डाव्या हातात धरा आणि हत्यार सरळ रेषेत, हळूहळू, तळापर्यंत सारा. बोट चापापासून लांब, नळीचं तोंड बाहेरच्या दगडी भिंतीकडे. रिकामं असलं तरी ही सवय मोडायची नाही.

तळाला पोचलं की डावीकडे-उजवीकडे अगदी थोडं हलवा, बरणीचं घट्ट झाकण उघडण्याआधी चाचपतो तेवढंच. पूर्ण पिळू नका, शिवण ताणते. आतून कातडं कुरकुरल्याचा आवाज येतो. तो यायलाच हवा.

मग होल्स्टर तसंच कुलपात रात्रभर ठेवा. सकाळी काढा, पिशवी सोडा, हत्यार पुसा. प्लॅस्टिकच्या आत दमटपणा कोंडतो, म्हणून एका रात्रीपेक्षा जास्त ठेवायचं नाही. दुसऱ्या रात्री दोन पदर. दोन पदरांनी आत जातच नसेल तर पुन्हा एकच. तीन पदर कधीच नाही, कितीही मोह झाला तरी. माझं दुसरं होल्स्टर तिसऱ्या सकाळी जमलं. जाड कातड्याचं असेल तर पाच रात्री लागतील. हातोडी, लाकडी ठोकळा, गुडघ्यानं दाब, यातलं काही नको.

दिवसा काय करायचं

सकाळी पिशवीशिवाय, रिकामंच हत्यार वीसेक वेळा आत-बाहेर करा. घाईनं नको. मग होल्स्टर खिडकीपाशी नेऊन आत बघा. जिथं घासतंय तिथं कातडं काळपट आणि चकचकीत दिसतं. माझ्यात दोनच जागा होत्या: एक चक्रीच्या फुगवट्यापाशी आणि एक पुढच्या माशीच्या, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या उंचवट्याच्या रेषेत, बोटाच्या नखाएवढी. सगळीकडून घट्ट वाटणारं होल्स्टर खरं तर अशा दोन-तीन ठिकाणीच धरून असतं. त्या जागी आतली बाजू खरबरीत असते, कातड्याचे बारीक तंतू उभे राहिलेले असतात. जेवणाच्या चमच्याचा गुळगुळीत दांडा घ्या आणि तेवढ्याच जागी पाच मिनिटं कोरडाच घासा. तंतू बसतात, जागा काचेसारखी होते. निम्मा घट्टपणा इथं निघून जातो आणि आकाराला धक्काही लागत नाही. मामांनी हे करून दाखवलं तेव्हा मला एरंडेलाच्या बाटलीची लाज वाटली.

वरचा पट्टा शेवटी. नव्या होल्स्टरात तो दोन-चार मिलिमीटर कमी पडतोच. हत्यार तळाला बसवून पट्टा बोटांनी धरा, बटणाच्या दिशेनं सावकाश ओढत राहा, सोडा, पुन्हा ओढा. एक दिवस बटण लागेल आणि मोठा "टिच्च" आवाज येईल. बटणच कडक असेल तर त्याच्या गोल डोक्यावर मेणबत्ती फिरवा, पुरे.

कमरेचा पट्टा तपासलात का?

होल्स्टर घट्ट आहे म्हणून माझ्याकडे आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा दोष होल्स्टरात नसतोच. लग्नात आलेला पातळ, चमकदार पट्टा लावायचा आणि त्यावर होल्स्टर. ओढलं की पट्टा वर येतो, त्याच्याबरोबर होल्स्टर, आणि माणूस म्हणतो निघतच नाही. दीड इंच रुंदीचा, दोन पदरी शिवलेला पट्टा हवा आणि होल्स्टरची खाच त्यावर चपखल बसायला हवी. आधी पट्टा बदला, मग चार दिवस घरातच रिकामं हत्यार लावून वावरा. उठा, बसा, वाका. खुर्चीचा हात कुठं लागतो ते कळतं. गच्चीवर मात्र हा सराव नको, शेजारचे आयुक्तालयात फोन करतील आणि बरोबरच करतील.

जमलं की नाही ते बघायला गादीवर चादरीची घडी टाका, वरचा पट्टा न लावता रिकामं हत्यार होल्स्टरात घाला, उलटं धरा आणि हलकेच हलवा. पडलं नाही पाहिजे. मग कमरेला लावून एका सरळ ओढीत निघतंय का बघा. दोन्ही जमलं की थांबा. अजून थोडं सैल करू, हा विचार आला की समजायचं, काम झालेलं आहे. उरलेलं वापरानं होतं. हत्यार परत ठेवताना मात्र कधीच घाई नको. बोट सरळ बाहेर, नजर होल्स्टरच्या तोंडावर, आणि कुठं अडलं तर ढकलायचं नाही. शर्टाची कड आत गेलेली असू शकते.

ऊन, पाणी, घाम

आपल्या मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. त्यात गाडीच्या काचेमागं किंवा पत्र्यावर ठेवलेलं कातडं आक्रसतं आणि कडांना तडकतं. भिजवून मऊ करण्याचा सल्लाही बरेच जण देतात. भिजवलं की कारागिरानं दाबून काढलेली ती रेघ पुसली जाते आणि वाळताना कातडं आकसून आधीपेक्षा घट्ट होतं. पावसात चुकून भिजलंच तर हत्यार लगेच काढा, कोरडं करा आणि होल्स्टर पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत वाळू द्या.

हत्यार कायम होल्स्टरात ठेवू नका. साल-हिरड्याचा आंबट अंश, घाम आणि हवेतला दमटपणा कातडं धरून ठेवतं, आणि लोखंडावर आधी तांबूस ठिपके, मग खड्डे पडतात. काडतुसं पट्ट्याच्या चामडी घरांत महिनाभर राहिली तर त्यांच्यावर हिरवा थर येतो. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, त्याच जातीचं हे. घरी आलात की हत्यार काढायचं, रिकामं करायचं, पुसायचं, वेगळं कुलपात. काडतुसं प्लॅस्टिकच्या डबीत.

बाहेरच्या बाजूला वर्षातून एकदा बिनरंगाचं पॉलिश हलक्या हातानं लावायला हरकत नाही. आतून काहीच नाही.

तोंड मिटायला लागलं, कड आत वळायला लागली, की ते होल्स्टर त्याच दिवशी बाद. आकसवून परत घट्ट करण्याचे उपाय करत बसू नका. माझं ते एरंडेल प्यालेलं मी टाकलं नाही. त्यात आता पक्कड आणि टेस्टर बसतो, मुलगा शेतावर मोटर बघायला जाताना कमरेला लावून नेतो.