शून्य ते शंभर: आकडा एकदाचा जुळला

थांबलेली गाडी ताशी शंभर किलोमीटरचा वेग किती सेकंदांत गाठते, ते मोजत होतो. दर खेपेला वेगळाच आकडा यायचा. स्टॉपवॉचवर एकदा ११.२ सेकंद, लगेच पुढे १२.६. क्लचवर संशय घेऊन गॅरेजमध्येही जाऊन आलो. खोट गाडीत नव्हती, मोजण्यात होती.

स्पीडोमीटर मुळातच थोडा जास्त वेग दाखवतो. माझा काटा १०० वर टेकतो तेव्हा जीपीएसवर ९५ असतात. आणि फोनचं जीपीएस? बहुतेक फोन सेकंदाला एकदाच वेग नोंदवतात. बारा सेकंदांच्या मोजणीत हा घोळ फार मोठा.

मग सेकंदाला १० नोंदी घेणारा जीपीएस रिसीव्हर आणला. डॅशबोर्डवर, पुढच्या काचेला अगदी लागून, आकाश उघडं दिसेल असा चिकटवला. उपग्रह नीट पकडेपर्यंत पाच मिनिटं थांबलो. जागा परवानगी काढलेली बंद धावपट्टी. वाहत्या रस्त्यावर हे कृपया करू नका.

खरी मेख चढाची निघाली. शंभर मीटरला एक मीटर चढ, डोळ्यांना दिसतही नाही, पण जवळपास अर्धा सेकंद खातो. म्हणून दोन्ही दिशांनी पळवली: जाताना १२.४, येताना ११.६. सरासरी १२. टाकीतलं पेट्रोल, टायरची हवा तेवढीच ठेवून आठवड्याने पुन्हा मोजलं. सरासरी १२.१!