चिमटा, स्टॉपवॉच आणि दमलेला हात

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आलेल्यांना पहिला स्वतंत्र प्रयोग म्हणून मी हाच सुचवते: व्यायामानंतर हाताचे स्नायू जास्त काम करतात की कमी? सामान म्हणजे कपडे वाळत घालायचा स्प्रिंगचा चिमटा आणि मोबाइलवरचं स्टॉपवॉच. मिनिटभर चिमटा दाबत राहायचं, दर दहा सेकंदांचा आकडा वेगळा टिपायचा. हेच एकदा शांत बसल्यावर, एकदा व्यायामानंतर, पण वेगवेगळ्या दिवशी. निम्म्यांनी व्यायामाचा दिवस आधी घ्यावा, म्हणजे सरावाने आलेली सफाई व्यायामाच्या खाती जमा होत नाही.

आधी 'दाबला' कशाला म्हणायचं ते पक्कं करा. टोकं एकमेकांना टेकली तरच एक. चिमटा सगळ्यांना तोच. प्रत्येक स्प्रिंगचा ताण निराळा असतो. मोजणाऱ्याने मनात मोजावं. आकडा कानावर पडला की माणूस ईर्ष्येला पेटतो, आणि त्याचा परिणाम खरोखर होतो. तुरीनच्या आंजेलो मोस्सो यांनी एकोणिसाव्या शतकात बनवलेला एर्गोग्राफ, म्हणजे स्नायूंचं काम आणि थकवा नोंदवणारं उपकरण, मेडिकलच्या प्रॅक्टिकलमध्ये अजून वापरतात. त्यात मधल्या बोटाने वजन ओढताना प्रोत्साहन दिलं की काम किती वाढतं, हे मुद्दाम बघतात.

आम्ही बडोद्याचे, त्यामुळे गटात जुम्मादादा व्यायाम मंदिरात लहानपणापासून जाणारी मुलं होतीच. शेवटच्या दहा सेकंदांतही त्यांचा हात फारसा मंदावेना. त्यांची इतरांशी तुलना करायचा मोह सगळ्यांनाच झाला. पण आपला प्रश्न तो नाही. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच.

व्यायाम कोणता, यावर तर सगळं अवलंबून. बैठकांनी अंग तापतं, रक्ताभिसरण वाढतं, आणि गरम स्नायू जलद आकुंचन पावतो. हात मात्र ताजाच राहतो. जोर मारले तर मनगट आणि पुढचा हात आधीच दमतात. चिमटा दाबताना दुसरा हात कोपराखाली ठेवून बघा, स्नायू तिथे हलताना जाणवतील. बोटं मिटवणारे मोठे स्नायू तळहातात नसतात, म्हणून आधी कोपराखालीच भरून येतं. मला या प्रयोगात सगळ्यात आवडतं ते हेच: पुस्तकातली आकृती स्वतःच्या हाताला लागते.

जर्नलमध्ये 'लॅक्टिक ॲसिडमुळे थकवा' एवढंच लिहून थांबू नका, व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास पुढचं विचारतात. स्नायूला झटपट ऊर्जा पुरवणारं क्रिएटिन फॉस्फेट मोडून साठणारं फॉस्फेट आणि आकुंचनाला लागणारं, पण पेशीत कमी सुटणारं कॅल्शियम, ही दोन कारणं समजून घ्या. आणि सरासरीच्या तक्त्याआधी प्रत्येकाच्या दहा-दहा सेकंदांचा आलेख काढा. थकवा नेमका कुठे सुरू झाला ते सरासरीत दिसत नाही.