रिलीज फॉर्म वाचल्याशिवाय मेकअपला बसू नका

भिवंडीच्या एका गोदामवजा स्टुडिओत मॉडेल म्हणून मी दिवसभरात ५४ कुर्ते घातले. पाठीवर क्लिपांची रांग, पायात एक नंबर लहान हील्स. रात्री साडेनऊला कोऑर्डिनेटर रिलीज फॉर्म, म्हणजे माझे फोटो वापरायच्या परवानगीचा कागद, घेऊन आला. "काही नाही गं, फॉर्मॅलिटी आहे." अंधेरीची गाडी सुटत होती. केली सही. ठरले होते ९ हजार, फक्त वेबसाइटसाठी.

चार महिन्यांनी आईचा कोल्हापूरहून फोन. "अगं, स्टँडसमोर केवढी मोठी लागलीयेस!" तिकडे पेढे वाटून झाले, इकडे मला घाम. त्याच आठवड्यात दुसऱ्या ब्रँडने ठरलेलं काम काढून घेतलं. त्यांच्या स्पर्धकाच्या होर्डिंगवरचा चेहरा त्यांना कशाला हवा? मी सही केलेल्या कागदावर होतं : सर्व माध्यमे, सर्व प्रदेश, कायमस्वरूपी.

हे नीट समजून घ्या. दिवसाचे पैसे तुमच्या दिवसाचे. फोटो कुठे आणि किती काळ वापरणार, याचे वेगळे. फोटोचा कॉपीराइट सहसा तुमचा नसतो, म्हणजे तुमच्या हातात उरतो तो हा कागदच. माध्यम, प्रदेश, मुदत हे तिन्ही त्यात हवं. आता चौथंही बघा : तुमच्या चेहऱ्यावरून एआयने नवे फोटो बनवायची परवानगी त्यात घुसवलेली असते. फॉर्म आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. सेटवर वाचायला वेळ मिळत नाही, आणि मिळू नये अशीच सोय केलेली असते. एखादी अट खोडलीत तर शेजारी समोरच्याचीही सही घ्या, फोटो काढून ठेवा.

विचारलं की काम जातं, असं सगळे घाबरवतात. माझं एकदाच गेलं.

पेमेंट ६० दिवसांत म्हणतात, मग तारखा पडतात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, ती काम घेण्याआधीच करा. ती असली की लहान उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत, उशिराला व्याज लागतं. मेलमध्ये हा एक उल्लेख केला की अकाउंट्सवाल्यांना अचानक कंठ फुटतो.

फिटिंगच्या नावाखाली कोणी हात लावला तर 'इंडस्ट्रीत चालतं' ऐकून घेऊ नका. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा एका दिवसाच्या कामालाही लागू होतो. कंपनीत तक्रार समिती नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती तक्रार घेते.

आणि ४० हजारांचं पोर्टफोलिओ पॅकेज विकणारे कॅफेतले 'मेंटॉर'? उठून या. खिडकीच्या उजेडातले, बिनमेकअपचे चार फोटो सुरुवातीला पुरतात. एजन्सी तुमच्या कमाईतून कमिशन घेते; आधीच नोंदणी फी मागते ते दुकान.

गेल्या महिन्यात मी 'कायमस्वरूपी' खोडून 'एक वर्ष' लिहिलं. प्रॉडक्शनवाल्या ताईंनी कपाळाला आठ्या घातल्या, माझंच पेन मागितलं आणि शेजारी सही केली.