प्रौढ साक्षरता वर्गात शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी

मुंबईतल्या एखाद्या वस्तीच्या समाजमंदिरात किंवा बालवाडीच्या खोलीत भरणाऱ्या प्रौढ साक्षरता वर्गात शिकवण्यासाठी डी.एड. किंवा बी.एड. झालेले असण्याची गरज नाही. समोरच्या व्यक्तीला नेमके काय वाचायचे आहे हे आधी विचारून घेण्याची आणि आपण ठरवून आणलेला पाठ त्यासाठी बाजूला ठेवण्याची तयारी मात्र हवी. केंद्र सरकारचा ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम 2022 ते 2027 या काळासाठी असून 15 वर्षांवरील असाक्षर व्यक्तींना शिकवण्याचे काम त्यात स्वयंसेवकांवर, म्हणजे कोणतेही मानधन न घेणाऱ्या विद्यार्थी, निवृत्त कर्मचारी, गृहिणी अशा मंडळींवर सोपवलेले आहे. नोंदणी उल्लासच्या ॲपवर होते आणि त्याबाबत जवळच्या शाळेतही विचारता येते. ज्यांना सरकारी कार्यक्रमाबाहेर काम करायचे आहे, त्यांनी आपल्या विभागातल्या महिला बचत गटांकडे किंवा स्वयंसेवी संस्थांकडे चौकशी करावी.

वर्गाची वेळ शिकणाऱ्यांच्या कामावरून ठरवावी. घरकाम करणाऱ्या बायकांना सकाळ-संध्याकाळ उसंत नसते, पण दुपारी तासभर मिळू शकतो. पहाटे धक्क्यावर मासळी घ्यायला जाणाऱ्या कोळणींचा दिवस वेगळा आणि रात्रपाळीच्या रखवालदारांचा त्याहून वेगळा. आपल्या सोयीची वेळ ठरवून मग ‘लोक येतच नाहीत’ अशी तक्रार करणे अन्यायाचे आहे.

पहिल्या भेटीत पाटी-पेन्सिल काढू नये, गप्पा माराव्यात. कुणाला बसची पाटी वाचायची असते, कुणाला नातवाच्या शाळेतून आलेला निरोप, कुणाला बँकेत पैसे भरण्याची स्लिप. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 2016 साली सुरू झालेल्या आजीबाईंच्या शाळेमागेही आपल्याला पोथी वाचता यावी ही आजींची इच्छा होती. ही इच्छा कळली की पुढचे पाठ कशाभोवती गुंफायचे ते कळते, म्हणून ती प्रत्येकाच्या नावापुढे वहीत लिहून ठेवावी. याच भेटीत आणखी एक गोष्ट तपासावी: चाळिशी उलटलेल्यांना जवळचे नीट दिसते का? अक्षरे लक्षात राहत नाहीत असे सांगणाऱ्या अनेकांना खरे तर ती स्पष्ट दिसतच नसतात, आणि महिनाभराच्या सरावाने जे साधत नाही ते जवळचा चष्मा मिळताच साधू लागते.

अनेक बायकांना बचत गटामुळे किंवा बँकेमुळे सही करता येते. ती सही बहुधा चित्रासारखी पाठ केलेली असते. नावातली अक्षरे सुट्या कागदांवर लिहून, त्यांचा क्रम बदलून समोर ठेवली की ओळख किती आहे हे लगेच समजते.

मुळाक्षरांची सगळी माळ ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत घोकून घेण्याच्या मी विरोधात आहे, कारण त्यात पहिला वाचता येणारा शब्द हाती लागेपर्यंत निम्मा वर्ग गळून जातो. मुंबईत तर रेल्वे स्थानकांच्या पाट्या हेच उत्तम पाठ्यपुस्तक आहे. ‘दादर’ या शब्दात द, र आणि काना एवढेच आहे, आणि तेवढ्यातून दर, दार, दादा हे शब्द वाचता येतात. त्याला ‘परळ’ जोडले की पदर, पळ, दळ, पारा मिळतात. ‘वडाळा’ आला की वड, वाडा, डाळ, दवा आणि पडदा. ‘शिवडी’मध्ये पहिली आणि दुसरी अशा दोन्ही वेलांट्या एकाच शब्दात भेटतात. एका बैठकीत दोन-तीनपेक्षा जास्त नवी अक्षरे देऊ नयेत, मात्र त्या अक्षरांतून होतील तेवढे शब्द शिकणाऱ्यांकडूनच काढून घ्यावेत, आणि दुसऱ्या दिवशी प्रवासात तीच अक्षरे कुठे दिसली हे आवर्जून विचारावे. जोडाक्षरांची घाई नको. घरात हिंदी किंवा भोजपुरी बोलणाऱ्यांनाही हीच लिपी उपयोगी पडते; शब्द तेवढे त्यांच्या बोलीतले निवडावेत.

आकड्यांच्या बाबतीत गृहीत काही धरू नये. भाजी विकणारी बाई तोंडी हिशेब आपल्यापेक्षा जलद करते. तिला अडचण येते ती लिहिण्यात. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो आणि लिहिताना दोन, त्यामुळे सुरुवातीला 25 च्या जागी 52 लिहिले जाते. दशकाच्या आणि एककाच्या नोटा-नाणी वेगवेगळ्या रकान्यांत मांडून दाखवल्या की हा घोळ सुटतो. मोबाइलवरचे आकडे आणि देवनागरी आकडे दोन्ही शिकवावेत. एटीएमचा सराव कागदावर काढलेल्या चौकटींवर घ्यावा. कुणाचाही पिन, ओटीपी किंवा आधार कार्ड आपल्या हाती घेऊ नये, त्यांनी विश्वासाने पुढे केले तरीही.

शिकणाऱ्यांना मावशी, काका, ताई असे म्हणावे आणि वयाने लहान असले तरी ‘अहो-जाहो’ सोडू नये. चारचौघांत मोठ्याने वाचायला लावणे पहिले काही आठवडे टाळावे. बालवाडीची चित्रांची पुस्तके मोठ्या माणसांपुढे ठेवू नयेत. त्याऐवजी रेशन कार्ड, औषधाची पट्टी, विजेचे बिल हे साहित्य आणावे. मे महिन्यात आणि गणपतीत अर्धा वर्ग गावी जाणार, हे धरूनच पाठ आखावेत, म्हणजे परत आलेल्या व्यक्तीला मागे पडल्याची लाज न वाटता कुठूनही पुन्हा सुरुवात करता येते.

उल्लासमधून शिकणाऱ्यांसाठी शेवटी 150 गुणांची चाचणी असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी 50 गुण. परीक्षा या शब्दाची धास्ती मोठी असते, म्हणून प्रश्नपत्रिका कशी असते हे आधी वर्गातच दाखवावे. ज्यांना त्यापुढेही शिकायचे आहे, त्यांना महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षांची माहिती द्यावी, आणि शक्य असेल तर अर्ज भरताना शेजारी बसून तो त्यांच्याच हाताने भरून घ्यावा.