घरच्या घरी मनीप्लँटचे नवे वेल कसे तयार करावेत

मनीप्लँट चोरून आणला तरच लाभतो, असं आपल्याकडे म्हणतात. चोरू नका, मागा. घाईत ओरबाडलेलं टोक बहुधा नको त्या जागी तुटतं, आणि हे झाड लागणार की नाही हे तुकडा कुठे कापला यावरच ठरतं. मागितलं तर मिरजेपासून विट्यापर्यंत कुणीही हातभर वेल आनंदानं कापून देईल.

आधी डोळा शोधा

सांगली जिल्ह्यात उसाची लागण पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. टिपरीला, म्हणजे लागणीसाठी तोडलेल्या उसाच्या कांडीला, डोळा नसेल तर कोंब येत नाही. मनीप्लँटचंही तसंच. पानाचा देठ वेलाला जिथे जुळतो तिथे गाठ असते. देठाच्या बगलेत डोळा असतो, आणि त्याच गाठीवर तपकिरी रंगाचा बारीक उंचवटा दिसतो. मुळं त्या उंचवट्यातून फुटतात, नवा कोंब डोळ्यातून येतो. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर ते कित्येक आठवडे हिरवं राहतं, क्वचित मूळही धरतं, पण त्याचा वेल कधीच होत नाही.

म्हणून दोन-तीन गाठींचा आणि निदान दोन पानांचा तुकडा घ्या. अगदी कोवळा शेंडा नको, जून झालेलं खोडही नको. कात्री स्पिरिटनं पुसून खालच्या गाठीच्या साधारण एक सेंटिमीटर खाली कापा आणि त्या गाठीवरचं पान काढून टाका. पिवळ्या छटांची पानं हवी असतील तर तशी पानं असलेल्या भागातूनच तुकडा घ्या. पूर्ण हिरव्या फांदीतून बहुतेक हिरवाच वेल निघतो.

हे झाड अळूच्या कुळातलं आहे. त्याच्यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चीक लागला तर हात खाजतात, पान चावलं तर तोंडाची आग होते. कापल्यावर हात धुवा, आणि वेल लहान मुलं, मांजर, कुत्रा यांच्यापासून दूर ठेवा.

कधी लावावं?

जून ते सप्टेंबर. प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरचं हे मूळचं झाड, त्याला ऊब आणि दमट हवा मानवते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत मुळं फुटायच्या आधीच तुकडा सुकतो. डिसेंबर-जानेवारीत तो मरत नाही, पण मुळं फार सावकाश येतात.

पाण्यात ठेवताना

काचेच्या बाटलीत पाणी घ्या. नळाचं पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून वापरलेलं बरं. गाठ पाण्यात बुडाली पाहिजे, पान मात्र एकही बुडता कामा नये. बुडालेलं पान कुजतं आणि पाणी नासवतं. बाटली खिडकीजवळ भरपूर उजेडात, पण थेट उन्हाबाहेर ठेवा. ऊबदार दिवसांत दहा-पंधरा दिवसांत पांढरी टोकं दिसू लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून नवे डास तयार होतात. नुसतं पाणी ओतून देणं पुरेसं नाही, कारण अंडी पाण्याच्या पातळीलगत भांड्याला चिकटलेली असतात. दर चार-पाच दिवसांनी पाणी बदला आणि बाटली आतून ब्रशनं घासा. पावसाळ्यात बाटलीच्या तोंडाला वेलाभोवती कापूस लावा. आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून सुकवायचा दिवस, पाळताना कूलर आणि पिंपं आठवतात, मनीप्लँटची बाटली हमखास राहून जाते. एवढी काळजी जमणार नसेल तर तुकडा सरळ मातीतच लावा, तिथेही तो चांगला लागतो.

मातीत लावताना

मुळं दोन-तीन इंचांची झाली की कुंडीत हलवा. फार काळ पाण्यात वाढलेली मुळं मातीत गेल्यावर लवकर रुळत नाहीत. शेतातली काळी माती नुसती भरू नका; ती पाणी धरून बसते आणि कुंडीत मुळं कुजतात. दोन भाग तांबडी माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत घ्या. शिराळ्याकडून भाताचं तूस मिळालं तर मूठभर मिसळा, माती भुसभुशीत राहते.

तळाला भोक असलेल्या सहा इंची कुंडीत चार-पाच तुकडे एकत्र लावा. एकटा तुकडा लांब दोरीसारखा वाढतो, घोस हवा तर जास्त तुकडे लागतातच. पहिले दोन आठवडे माती ओलसर ठेवा. नंतर वरची इंचभर माती सुकली की मगच पाणी.

न कापता करायचं असेल तर दाब कलम करा. शेजारच्या कुंडीत वेलाची गाठ मातीत दाबून वाकवलेल्या तारेनं अडकवा. तीन-चार आठवड्यांनी हलकं ओढून पाहा. जागचं हललं नाही तर मूळ धरलं आहे, मग आईपासून तोडा.

लोंबत्या वेलाची पानं लहानच राहतात. मोठी हवी असतील तर काथ्या गुंडाळलेली काठी कुंडीत रोवा, वेल तिला सैल बांधा आणि काथ्यावर रोज पाणी शिंपडा. गाठींवरची मुळं काठी धरू लागली की वर येणारं प्रत्येक पान आधीपेक्षा मोठं होत जातं.